थांबायला जागा

नोल्फाने सुरीच्या पाठीने पत्र्यावरचं मेण खरवडलं. गेल्या सोमवारचं मेण थंडीने दगडासारखं झालं होतं आणि कपच्या होऊन निघत होतं. कपच्या तिने एप्रनच्या खिशात टाकल्या. मग छपरावर कुणीतरी नव्याने चिकटवलेला सायकलवाल्यांचा स्टिकर ती नखाने उचकटू लागली. अर्धा निघाला, अर्धा रंगासकट राहिला.

घर गुडघ्याएवढं होतं. निळ्या फळ्या, उतरतं पत्र्याचं छप्पर, दाराऐवजी काच. आत मेणबत्तीची बशी, यास्नाचा फोटो आणि लाल लोकरीचा एक हातमोजा. जोडी नोल्फानेच विणली होती. दुसरा सापडला नाही, असं तिच्या नवऱ्याने, एलिसेओने, तेव्हा सांगितलं होतं. घराच्या मागे कडा संपत होता आणि खाली तळं सुरू होत होतं. हिमनदीने दगड दळून त्यात सोडलेल्या पिठामुळे ते ढगाळ दिवशीसुद्धा आतून उजेड लागल्यासारखं दिसे.

रस्त्यावर अपघातात कुणी गेलं, की त्या जागी असं घर, म्हणजे आनिमिता, उभारायचं. कबर हाडांची असते, आनिमिता जिवाची, कारण जीव अंगातून जिथे निघतो तिथेच राहतो. दक्षिणेच्या या रस्त्यावर अशी कितीतरी घरं होती, पण असं तळं दुसऱ्या कुणाच्याच मागे नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी उतरत्या उन्हात त्याचा फोटो काढला आणि तेव्हापासून उन्हाळाभर गाड्या थांबू लागल्या. लोक छपराला टेकून बसत आणि फोटो काढत. काहीजण चिठ्ठी ठेवून काहीतरी मागत, आणि मिळालं की आभाराची दुसरी चिठ्ठी ठेवत.

गाड्या वळणावरच थांबत. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, खडीच्या एका ट्रकने अशाच एका गाडीचा आरसा उडवला. म्हणून गेल्या गुरुवारी रस्ते खात्याचे बारिया साहेब नकाशा घेऊन आले होते. इथे कठडा, इथे दहा गाड्यांची जागा, इथे फोटोसाठी लाकडी ओटा.

"आणि हे घर शंभर मीटर आत, त्या बोर्डाशेजारी," ते म्हणाले होते. "आम्ही नवीन बांधून देऊ, नोल्फाबाई. सिमेंटचं. पन्नास वर्षं हलणार नाही."

"घर हलेल हो, साहेब. ती कशी हलेल? बोर्डाशेजारी नाही मेली माझी पोरगी."

बारिया साहेबांनी एलिसेओकडे पाहिलं. एलिसेओ टोपी हातात घेऊन रस्त्यापलीकडे उभा होता. सात वर्षांत तो एकदाही या घराजवळ आला नव्हता. मला नाही बघवत, म्हणायचा. त्या दिवशी मात्र तिथूनच बोलला.

"सही करून टाक, म्हातारे. होऊ दे त्यांचं काम."

गुरुवारपासून नोल्फा त्याच्याशी बोलली नव्हती. मातेचा कडू चहा करून त्याच्यापुढे ठेवत होती, तेवढंच. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली पडून होता. बुधवारपर्यंत मुदत होती. सही झाली नाही, तर कोर्टाचा हुकूम आणू, असं बारिया साहेब अगदी सौम्य आवाजात सांगून गेले होते. आज ती यास्नाला हेच सांगायला आली होती. कायद्यापुढे आपलं चालेल असं वाटत नाही, बाळा. पण मी सही करणार नाही.

तिने नवी मेणबत्ती खिशातून काढली, तेवढ्यात मागे खडीवर चाकं करकरली. एक पांढरी व्हॅन वळणावरच उभी राहिली.

"हेच ते! क्रिस, उतर ना. उजेड जाईल."

"उजेड सकाळपासून गेलेलाच आहे. आणि वारा बघ. ड्रोन सोडला तर थेट अर्जेंटिनात."

"मग तू उड."

नारिंगी जाकिटातली मुलगी धावत आली. नोल्फाला पाहून थबकली.

"मावशी, जरा बाजूला होता का? दोनच मिनिटं."

नोल्फा बाजूला झाली. तिला सवय होती. मुलीने फोटो घेतले, वाकून घेतले, आडवं पडून घेतले. मग फोनमधून नोल्फाकडे पाहिलं.

"नाही, नाही, तुम्ही असलात तर जास्त छान दिसतंय. पाठमोऱ्या उभ्या राहता? शाल अशीच. तळ्याकडे बघा."

"तळं मी बघितलंय."

व्हॅनपाशी उभा असलेला क्रिस खो खो हसला. मुलगीही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष काचेआडच्या फोटोकडे गेलं.

"ही कोण?"

"माझी मुलगी. यास्ना. दवाखान्यातल्या कामावरून घरी येत होती, मोटरसायकलवर. सात वर्षं झाली."

मुलीने फोन खाली केला. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले, ते तिने बाजूला केले नाहीत.

"आम्हाला वाटलं, कुणी संत-बिंत असेल. इतक्या चिठ्ठ्या आहेत. इथे मागितलेलं मिळतं, असं सगळे लिहितात."

"एका बाईच्या आईचं ऑपरेशन नीट झालं," नोल्फा म्हणाली. "ती दर वर्षी फुलं पाठवते. कागदाची. खरी इथवर टिकत नाहीत."

मुलीचं नाव मायते होतं. नोल्फाला दंडाला धरून तिने व्हॅनच्या आडोशाला नेलं, पायरीवर बसवलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. हे सगळं तिने जरा घाईने केलं, काहीतरी सांडलेलं पुसावं तसं. मग शेजारी बसून फोन पुढे केला.

"हा बघा तुमचा, मघाशी घेतलेला. नको असेल तर काढून टाकते."

फोटोत एक वाकलेली पाठ होती आणि तिच्यापलीकडे पुष्कळ पाणी. आपली पाठ एवढी वाकली आहे, हे नोल्फाला ठाऊक नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली.

मायते बोटाने फोटो मागे सारत गेली. हिमनदीचं तोंड. लाल झालेलं लेंगाच्या झाडांचं रान. संगमरवराच्या गुहा. लाकडी झुलता पूल, त्यावर क्रिस, हात पसरलेला.

"हे सगळे ठरवून केलेले थांबे. यादी असते ना. पण खरं सांगू? लोकांना सगळ्यात आवडला तो हा. हा यादीत नव्हताच."

नोल्फाने झाकण गुडघ्यावर ठेवलं.

फोटोत रस्त्याखालच्या मोरीचं सिमेंटचं तोंड होतं, ओल धरून काळं पडलेलं. त्यात एक म्हातारा बसला होता. उजवा पाय दुमडलेला, डावा सरळ बाजूला लांबवलेला. दोन्ही तळव्यांचा त्याने आडोसा केला होता. ज्योत दिसत नव्हती, बोटांच्या फटींतून पिवळा उजेड तेवढा गळत होता. कानपट्ट्यांची टोपी त्याने मांडीवर काढून ठेवली होती.

एलिसेओचा डावा गुडघा वाकत नसे. रस्ता सपाट करायच्या यंत्रावर पंचवीस वर्षं बसून तो आखडला होता.

"हे मोठं होतं का?"

"होतं की. असं, दोन बोटांनी."

मायतेने चित्र पसरवलं. तळव्यांच्या बाजूला एका चपट्या दगडाखाली काहीतरी दाबून ठेवलं होतं. रंग उडालेला, पण लाल. लोकरीच्या कडेला पांढरी रेघ होती. तिथे लाल लोकर संपली म्हणून नोल्फाने पांढरी जोडली होती, आणि यास्ना म्हणाली होती, असू दे आई, फॅशन.

"ही जागा कुठली?"

"जागा कसली, काहीच नाही तिथं. उतरणीवरचं वळण. गेल्या सोमवारी खाली जाताना मेंढ्या आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली. नाहीतर तिथं थांबायला जागाच नाही हो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नाला. मागून खडीचा ट्रक नुसता हॉर्न मारत होता. मी खिडकीतूनच काढला. नेटवर टाकला, तर हजारो लोकांनी विचारलं, कुठे आहे, कुठे आहे."

"नका सांगू."

"सांगणार काय, मावशी? आम्हालाच आठवत नाही."

नोल्फाने चहा संपवला. झाकण पुसून परत दिलं. मायतेने जाताना तिला मिठी मारली आणि काचेसमोर एक चॉकलेट ठेवलं. क्रिसने लांबूनच टोपी काढली. व्हॅन वळण घेऊन दिसेनाशी झाली आणि मग फक्त वारा राहिला.

ती पुन्हा घरासमोर येऊन बसली. सोमवारी सकाळी एलिसेओ पिकअप घेऊन मित्राकडे लाकूड फोडायला जात असे. परतताना लाकूड घेऊनच येत असे. तिने कधी मोजलं नव्हतं, एका सकाळीत किती लाकूड फुटतं.

अपघात झाला तेव्हा नोल्फा जिल्ह्याच्या इस्पितळात होती, पित्ताशय काढलेलं. तिला घरी आणलं ते एकोणिसाव्या दिवशी. घरी जायच्या आधी एलिसेओने पिकअप इथे उभी केली होती. नीट बाजूला, रस्त्यापासून चांगली लांब. निळं घर तेव्हा तयार होतं, रंगाचा वास येत होता. नेमकं कुठे, असं तिने विचारलं होतं. तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि मग बुटाचं टोक टेकवून म्हणाला होता, इथं.

उतरणीवरची ती मोरी तिने ओळखली होती. ती होती सहा किलोमीटर पलीकडे.

म्हणजे पोलिसाला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या मुलींना ठाऊक होतं. दुकानदार एर्मिनिया दर रविवारी मेणबत्त्या बांधून देताना मान वर करत नसे, ती का, तेही आता कळलं. सगळा गाव सात वर्षं तोंड मिटून होता. आणि ती पावसात, बर्फात येऊन या फळ्यांना सांगत होती, की गाय व्याली, की तुझ्या मैत्रिणीचं लग्न झालं, की मला रात्री झोप लागत नाही. तिने छपरावर मूठ आपटली. पत्रा पोकळ वाजला, आणि आतली चिठ्ठ्यांची चळत घसरून पडली.

कागदाची फुलं पाठवणाऱ्या बाईचं काय करायचं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. तिची आई तर बरी झाली होती.

सही करणार नाही, हे यास्नाला सांगायचं राहिलं होतं. कुठल्या दिशेला तोंड करून सांगायचं, ते तिला कळेना.

शेवटी तिने काच सरकवली. चिठ्ठ्या पुन्हा नीट रचल्या. लाल हातमोजा काढून घेतला, यास्नाचा फोटोही काढला, आणि काच लावली. मेणबत्ती तिने पेटवली नाही. ती एप्रनच्या खिशात कपच्यांबरोबर परत गेली.

तिचं राहतं घर दोन किलोमीटरवर होतं. वाटेत दोन गाड्या तिच्या उलट दिशेने गेल्या, दोन्हींच्या टपावर तंबू होते. दुसऱ्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली.

"ते निळं घर अजून किती लांब आहे हो?"

"पुढे आहे," ती म्हणाली. "दिसेल."

अंगणात एलिसेओ पिकअपमधलं लाकूड उतरवत होता. तिला पाहून तो हातातला ओंडका घेऊनच आत आला, चुलीपाशी ठेवला, आणि नेहमीसारखा लांबवलेल्या पायाने बाकावर बसला. त्याच्या उजव्या बाहीला कोपरापाशी ओला काळा चिखल लागलेला होता. तो तिथे दर सोमवारी असायचा. ती तो दर मंगळवारी धूत आली होती.

नोल्फाने साखरेचा डबा बाजूला सारला. कागदावर मोजा ठेवला.

एलिसेओ मोज्याकडे पाहत राहिला. किटली उकळून झाकण थडथडू लागलं, तरी दोघांपैकी कुणी ती उतरवली नाही.

"सात वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"सात वर्षं मी पत्र्याशी बोलले, म्हाताऱ्या."

त्याने टोपी काढली. घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"टाके ओले होते तुझे," तो म्हणाला. मग टोपीकडे बघत, "तू दर सोमवारी जाणार होतीस. पावसात, अंधारात, कशीही. तुला कोण अडवणार होतं? आणि ते ट्रक उतरणीवर ब्रेक लावत नाहीत. तिथं थांबायला जागा नाही, नोल्फा."

तिने फळीवरचं पेन घेतलं, ते चालेना, तेव्हा चुलीच्या उबेला धरलं. मोज्याखालून कागद ओढून तिने सही केली. अक्षर सरळ आलं. कागदाची घडी करून तिने पुन्हा साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि मोजा हातात घेतला.

"मग तू गाडी कुठे उभी करतोस?"

एलिसेओने वर पाहिलं.

"अलीकडे. मेंढवाड्याच्या फाटकापाशी. तिथून चालत, नाल्याच्या कडेने."

"किती?"

"चारशे मीटर. दगड निसरडे आहेत."

नोल्फाने किटली उतरवून बाजूला ठेवली आणि चुलीचं दार लावलं. पायातले बूट तिने अजून काढले नव्हते.