पाखडून टाकलेला माळ

मी एक सूप. मुरबाडच्या पलीकडच्या एका पाड्यात, बाईजाच्या पडवीत खुंटीला टांगलेलं. पाड्यातल्या सुक्याने बांबूच्या कामट्या विणून मला घडवलं, बाईजाने शेणाने सारवून माझी भोकं बुजवली. माझं काम एकच. जड ते ठेवायचं, हलकं ते उडवायचं.

पण भाताच्या आधी माझ्यात माणूस आला. बाईजाचा बारकू जन्मला तेव्हा पाचवीला त्याला माझ्यात निजवला होता. त्याच पावसाळ्यात गोठ्यात ढवळी जन्मली. पुढे वासरू आणि पोर जोडीनेच माळावर जायची.

बारकू सात वर्षांचा होऊन तापाने गेला. त्या संध्याकाळी ढवळी अंगणात उभी राहिली ती गोठ्यात जाईना. बाईजाने तिच्या मानेवर हात ठेवला. "तुला नाय जाव देणार," एवढंच म्हणाली.

माळ मात्र उजाड होत चालला होता. मुंबईच्या तबेल्यांसाठी ठेकेदार दरसाल गवत कापून न्यायचे, तेही बी धरायच्या आत. चांगलं गवत गेलं, कुसळी उरली. पुढे तीही गेली आणि मुरूम दिसू लागला. बाईजाचा नवरा कमळू म्हणायला लागला, "चारा नाय. ढवळीला म्हशाच्या जत्रेत विकाया काढू."

ते श्रमदानाचे दिवस होते. देवराम गुरुजींनी पाडा गोळा केला. माळाला काट्यांचं कुंपण घातलं, पाणी अडवायला ओहळांत दगड रचले. आता गुरं आवडीने खातात त्या पवन्या गवताचं बी पेरायचं होतं. ते फक्त मसणवटीत उरलं होतं, कारण तिथे कोणी विळा लावत नसे. बाईजा पुढे झाली. बारकूच्या उशाशी वाढलेलं गवत तिने स्वतः काढून आणलं.

"बी साफ करून ठेवा," गुरुजी सांगून गेले.

बाईजाने मला खुंटीवरून काढलं. शेजारची हिराबाई कुडावरून डोकावली. "गो, गवताचं बी कवा पाखडलंस तू?"

"बी तं बी. भाताचं काय न् गवताचं काय."

तिचा हात सफाईचा. फटक्यासरशी केसाळ, पिसासारखं काहीतरी माझ्यावरून उडत राहिलं. तळाशी तपकिरी, चकचकीत दाणे उरले. तिने ते मुठीत घेतले. "कसं टपोरं हाय बघ."

उडालेला भुसा तिने झाडून राबाच्या ढिगावर टाकला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, तो राब. शिमग्यानंतर तो पेटवला.

उरलेले दाणे माळावर पेरले. पावसात माळ हिरवा झाला. बाईजा ढवळीला घेऊन वर गेली. ढवळीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. सगळा टाकळा होता. गवतात मिसळलेलं टाकळ्याचं बी जड, म्हणून राहिलं. गवताचं बी हलकं, ते राबात जळलं.

"माळावर भाजी लावलीस गो," हिराबाई म्हणाली. मग बाईजाचं तोंड बघून हळूच म्हणाली, "चल, खुडून तरी नेऊ."

गुरुजी म्हणाले, मसणवटीतून पुन्हा बी आणू. पण बी आणताना तिकडे पायवाट पडली होती. त्याच वाटेने ठेकेदाराचे कापणारे आत शिरले आणि गवत फुलायच्या आत कापून घेऊन गेले. पुन्हा काही आणायला कोणी गेलं नाही. कुंपणाचे काटे एकेकाने चुलीला नेले.

पौषात कमळूने ढवळीचं दावं सोडलं आणि तिला जत्रेला घेऊन निघाला. बाईजा अंगणात भात पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही. त्या दिवशी माझ्यातून भरलेले दाणेही उडाले आणि ते तिला कळलं नाही.

आता माझा कोपरा फाटला आहे. काल कमळू म्हणाला, "राबाला पाला कमी पडतोय. ते जुनं सूप पण टाक."

माझ्या कडेच्या विणीत, शेणाच्या थरांखाली, त्या दिवशीचं थोडं केसाळ बी अजून अडकलेलं आहे. इतक्या वर्षांनी त्यात जीव असेल असं वाटत नाही. तरी टाकायचंच तर मला माळावर टाका, मुरमावर कुजू द्या. त्यातून काही उगवेल असं मी म्हणत नाही. राबात मात्र नको. तिथे माझं एकदा जळून झालं आहे.