पाळणा आणि भोंगा

मी एक जुना टॅब हाये, मित्रांनो. काच कोपऱ्यात तडकलेली, पाठीवर दवाखान्याचं नाव. देवगाव रंगारीच्या अलीकडं एक वस्ती हाये, तिथल्या दवाखान्याच्या कपाटात पडून असतो. माझ्यासंगं कारखान्यातून निघालेले बाकीचे पोरांचे गेम खेळून म्हातारे झाले. माझ्या नशिबी माणसांची दुखणी आली.

कोरोनाचा काळ होता. डॉक्टर संभाजीनगरात, एसटी बंद. मग संस्कृती सिस्टरनं मला खिडकीत उभं केलं, तोंड ओट्याकडं. पेशंटनं लिंबाखालच्या चुन्याच्या गोलात उभं राहायचं, मी त्याला शहरातल्या मोनिका डॉक्टरबाईंना दाखवायचं. लांबून ऐकू जावं म्हणून माझा आवाज फुल्ल. लई कौतुक झालं. म्हाताऱ्या बाया जाताना मला हात जोडायच्या. फुगलो ना मी!

एक दिवस कडुबा आले. मेंढरांमागं सारं रान तुडवलेला माणूस, लांडग्याला काठीनं पळवलेला. पण त्या दिवशी आवाज पार बसला होता.

"म्याडम, रातच्याला पाणी आवरत नाय."

"कुठलं पाणी, बाबा? विहिरीचं?"

"नाय वं. आपलं... पाणी."

"शेतात घुसतं का?"

मागच्या गोलांत खुसूखुसू सुरू झालं. कडुबांनी मान खाली घातली. मग बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मायेनंच विचारलं, पण ते माझ्या तोंडून निघालं.

"अंथरूण ओलं होतं का, बाबा?"

लिंबावरचे कावळे उडाले. मागच्या गोलातला सूर्यभान वरडला, "कडुबा, पाळणा बांध रे आता!" सगळा ओटा हसला. बाई सांगतच होत्या, "थांबा, साखर वाढली असेल, आजच तपासा, जिवावर बेतेल." कडुबा कवाच निघून गेले होते.

मला हात असते तर तोंड झाकलं असतं.

ते परत आलेच नाय. सांगावा धाडला, तरी नाय. शेवटी सिस्टर मला पिशवीत घालून त्यांच्या वाघुरावर गेल्या. मेंढरं कोंडायच्या त्या जाळीपाशी कडुबा बसले होते. अंग वाळलेलं, ओठ फाटलेले, बाजूला पाण्याची कळशी. मला बघताच भडकले.

"ते भोंगं इथं कशाला आणलं? मरू दे मला, पण त्याच्यापुढं बोलायला लावू नको, पोरी."

त्यांची मालकीण आवडाबाई म्हणाल्या, "मेंढरापुढं लाजत नाय, अन् ह्याच्यापुढं लाजता व्हय?"

"मेंढरं गावभर सांगत नाय!"

खरंच होतं.

सिस्टरनं पिशवीतून वायर काढली. एक टोक मला लावलं, दुसरं पुसून कडुबांच्या कानात. बाईंचा आवाज गेला तो थेट त्यांच्या कानात, आवडाबाईंनासुद्धा ऐकू आला नाय. "व्हय... रोजच... दिवाळीपासून." मग हळूहळू सगळंच बोलले. बोट पुढं केलं. रक्तात साखर इतकी, की त्याच दिवशी अँब्युलन्सनं शहरात न्यावं लागलं. अजून उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं बाई म्हणाल्या.

पुढं सूर्यभानलाबी काहीतरी अवघड दुखणं झालं. इकडंतिकडं बघत खिडकीशी आला अन् हळूच म्हणाला, "सिस्टर, ती कानातली दोरी हाये का?" त्याचं दुखणं कुणाला कळलं नाय.

कडुबांची साखर औषधानं उतरली. नाव मात्र उतरलं नाय. अजून रस्त्यावर पोरं वरडतात, "ए पाळणाऽ!" कपाटात मला ऐकू येतं, अन् लाजेनं जीव अर्धा होतो. कडुबा दवाखान्यापुढून येत नाय, मेंढरं घेऊन नाल्याकडून वळसा घालतात.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला चार्जिंगला लावा, असं मी म्हणत नाय. कडुबा दिसले तर "आजा, रामराम" म्हणा, बस. माझा आवाज कमी करायचं बटण दुसऱ्यानं दाबावं लागतं. तुम्हाला तेवढीबी अडचण नाय.