नऊ दिवस चढवलेली दोरी

मित्रांनो, मी लाकडाचं धनुष्य आहे. तीन तुकड्यांचं. मधे मूठ, वर एक पातं, खाली एक पातं. पितळी खोबणीत पाती बसवायची, दोन बोल्ट आवळायचे, दोरी चढवली की मी तयार. वय माझं फार नाही, चौथं वर्ष लागलंय. पण उद्या घटस्थापना आहे आणि माझ्यापाशी आजचाच दिवस उरलाय. म्हणून भरभर सांगतो. मधेच शंका काढू नका, आधी ऐकून घ्या.

मला घडवलं येडशीच्या दगडोबा सुतारांनी. गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांचे पणजोबा निजामाच्या काळात शिकारीची धनुष्यं करायचे. तोच घाट आबांनी माझ्यात उतरवला, आखूड आणि रुंद पात्यांचा. आता रामलिंगच्या जंगलात हरणावर बाण रोखला तर थेट तुरुंग, आणि ते बरंच आहे. मी शिकारी घराण्यातला खरा, पण आजवर पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेलं नाही.

तीन तुकडे कशाला, विचाराल. आबांची नात शिवांजली धनुर्विद्या शिकायला एसटीनं धाराशिवला जायची. तिचं पहिलं धनुष्य अखंड होतं, तिच्यापेक्षा वीतभर उंच. एकदा त्याच्या टोकात एका पाहुण्याचा फेटा अडकला, फेटा सुटला आणि अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "ताई, असलं लांबडं आत न्हाय चालत. उतरा खाली." पोरगी रडत घरी आली. आबा म्हणाले, "रडतीस कशाला? दप्तरात मावंल असं करून देतो."

दोन वर्षं छपराखाली वाळलेली धामण त्यांनी काढली. धामण म्हणजे चिवट लाकूड, कावडीला वापरतात ते. तिची दोन पाती तासली, पाठीवर वेळूची पट्टी चिकटवली. मूठ शिसवाची, मोडक्या पलंगाच्या खुरातून काढलेली. मग खरं काम सुरू झालं. मला भिंतीवरच्या खुंटीला टांगायचं, दोरी वीतभर खाली ओढायची, मागं सरकून दोन्ही पाती सारखी वाकतात का ते बघायचं. जिथं कमी वाकलं तिथं कानशीचे चार हात मारायचे, पुन्हा टांगायचं. असं दहा दिवस. काय ते हात होते! दुखलं कुठं तर मी सांगायच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं.

मला शिवांजलीच्या हातात देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. "बाण मारून झालं की दोरी उतरवायची. जेवायला हाक आली तरी आधी दोरी, मग ताट. लई वेळ ताणून ठिवलं तर लाकूड तसंच वाकून बसतंय. मग बाणाला जोर ऱ्हात न्हाय."

दोन वर्षं तिनं हे मोडलं नाही. ती दोन वर्षं म्हणजे माझे सोन्याचे दिवस. तिचे सर मला हातात घेऊन म्हणायचे, "कुठल्या दुकानातून आणलं गं?" आणि ती ताठ मानेनं सांगायची, "आमच्या आबांनी केलंय." मी आतल्या आत फुगायचो. फुगू नाही तर काय करू?

मग मागचा दसरा आला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी विभागाच्या संघाची निवड होती. नेमकं त्याच पंधरवड्यात आबांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला जावं लागलं, लेकीकडं. बाप बलभीम कायम ट्रकवर. घरी उरल्या दोघी, शिवांजली आणि तिची आई सत्यभामा.

सत्यभामाबद्दल वाकडं बोलू नका, आधीच सांगून ठेवतो. लेकीसाठी जीव टाकणारी बाई आहे ती. सुताराच्या घरी खंडेनवमीला रंधा-करवत पूजेला मांडतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. सत्यभामाच्या मनात आलं, निवड एवढी मोठी, मग धनुष्य एकच दिवस कशाला? पहिल्या माळेपासून देवीपाशी ठेवू. तिनं मला जोडायला लावलं आणि म्हणाली, "दोरी चढव शिवा. देवीच्या हातातलं धनुष्य कधी ढिलं बघितलंस का?"

शिवांजलीनं चढवली. तिला वाटलं, पूजा झाली की संध्याकाळी उतरवू. पण घट बसला, नंदादीप लागला आणि सत्यभामानं सांगून टाकलं, "आता दसऱ्यापतोर इथली काडीसुदिक हलवायची न्हाय."

मित्रांनो, दोन्ही हात वर करून किती वेळ उभं राहता येईल तुम्हाला? मी नऊ दिवस तसा होतो. खालून घटाच्या मातीची ओल, वरून दिव्याची ऊब. दुसऱ्या दिवशी अंग ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी शिवांजली जवळ आली. म्हणाली, "आई, नुसती दोरी उतरवते. जागचं हलवत न्हाय. आबा काय म्हणायचे..."

"शिवा, हात मागं घे!" सत्यभामा आडवी आली. "तिकडं आबांच्या डोळ्याचं चाललंय, इकडं तुझी निवड. मी एक येळ खाऊन दिवस काढायलेय. आता मधीच खोट काढू नको बाई."

पोरगी मागं सरली. अगं, मागं काय सरतेस! मी ओरडत होतो, पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकतंय? पाचव्या दिवसापासून ठणका कमी झाला. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी भ्यालो, कारण वरच्या पात्यात काही कळेनासंच झालं होतं. सत्यभामा रोज मला हळदकुंकू लावायची, फूल वाहायची आणि हात जोडून लेकीसाठी मागायची. तिच्याइतक्या मनापासून माझी पूजा कुणी केली नसेल आणि तिच्याइतका माझा घातही कुणी केला नाही.

दसऱ्याला आबा आले. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी मला चाचपलं, दोरी उतरवली आणि पात्यावरून बोट फिरवलं. खालचं पातं थोडं सावरलं. वरचं तसंच वाकलेलं राहिलं. आबा उठून अंगणात जाऊन बसले.

चार दिवसांत नवं पातं होत नाही. शिवांजली मला घेऊनच गेली. पहिला बाण कागदाच्या खाली मातीत शिरला. तिनं नेम वर धरला, अजून वर धरला. पोरीनं काय कमी झुंज दिली? मी जीव तोडून ओढत होतो, पण अंगात जोरच नव्हता. पाच गुणांनी तिची निवड हुकली.

घरी सत्यभामा दारातच उभी होती. तोंड बघून तिला कळलं. तिनं हळूच विचारलं, "माझ्या हातनं काय चुकलं का गं?"

शिवांजली म्हणाली, "न्हाय आई. माझाच हात हलला. धनुष्य झकास होतं."

अरे देवा! मी पिशवीत तीन तुकडे होऊन पडलो होतो, नाही तर तिथल्या तिथं मोडून खरं दाखवलं असतं. नंतर तिनं आबांना गाठलं. "आबा, माझी शपथ हाय, आईला सांगू नका. तिला लई लागंल." आबांनी मान हलवली आणि कामाला लागले. एका डोळ्यानं, बोटांनी चाचपत त्यांनी सहा महिन्यांत मला नवं वरचं पातं दिलं. सत्यभामाला वाटलं, पोर वाढली म्हणून पातं बदललं. धामणीचा शेवटचा तुकडा होता तो. आता लाकूडही नाही आणि आबांचा हातही थरथरतो. यानंतर मला दुरुस्ती नाही.

आणि सत्यभामा? तिनं वर्षभर विचार करून स्वतःच कारण शोधलं. "आठव्या माळेला माझं डोकं लई दुखलं आन् म्या दोनदा खाल्लं. तितंच बाधलं." म्हणून यंदा नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणार आहे. निवड पुन्हा दसऱ्यानंतर आहे आणि शिवांजलीच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. बघा, एका खोट्यानं केवढं करून ठेवलं!

आत्ता सत्यभामानं देव्हाऱ्यापुढं सारवलंय. घटाची काळी माती आणून ठेवलीय. मला शिवांजलीनं जोडलंय. दोरीचा एक फास खाली अडकवलाय, दुसरा तिच्या हातात आहे.

"आजच चढवून ठेव की गं, उद्या पहाटं घट बसवायचाय," सत्यभामा म्हणते आहे. "माझ्यानं न्हाय चढत."

शिवांजली हलेना. उंबऱ्यात बसलेले आबा तिच्याकडं न बघताच पुटपुटले, "माझं तोंड तुझ्या शपथेनं बांधलंय. तुझं कुणी बांधलंय?"

मित्रांनो, हत्याराची, वस्तूची निगा राखा, काम झालं की तिला मोकळी करा, हे तर मी सांगणारच. पण तेवढ्यानं भागत नाही. तुमच्या घरात कुणी मायेपोटी चुकलं, तर "काही झालं नाही" म्हणून त्यांना गोंजारू नका. काय झालं ते सांगा. नाही तर ती माणसं तेच पुन्हा करतात, आधीपेक्षा जास्त मायेनं.

शिवांजली, बोल गं. आईला लागेल, ती चार दिवस रडेल. पण ती माणूस आहे, रडून मोकळी होईल आणि पुन्हा उभी राहील. मी लाकूड आहे. मला तेवढं जमणार नाही. फास हातात आहे तोवर बोल, पोरी.