फक्त आकडे वाच

टोरांटोला मुलाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी दिगंबर अभ्यंकरने आपला जुना मोबाइल बहिणीसमोर टेबलावर ठेवला आणि नियम सांगितले. फोन कायम चार्ज केलेला हवा. कोणाचा आला तर उचलायचा नाही. गॅसचा, बँकेचा, पेन्शनचा कोड आला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर ताबडतोब कळवायचा. आमोदने, त्याच्या मुलाने, पाठवलेल्या नव्या फोनवरून तो तिकडे फुकट बोलणार होता. पण सिमकार्ड पुण्यातच राहणार होतं. ते परदेशात चालू ठेवायला कंपनी जे मागत होती तो त्याच्या मते दरोडा होता.

“आणि फक्त आकडे वाच,” तो म्हणाला. “मजकूर वाचायची गरज नाही.”

मंदाकिनीने चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. ती म्हणाली, “मजकूर वाचला तर शिक्षा काय, तेही सांगून जा.”

दिगंबर हसला नाही. त्या घरात कोणी कोणाला हसवायला बोलतही नसे. नारायण पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट आईवडिलांच्या मागे दोघांच्या नावावर आला होता. दिगंबरची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मंदाकिनीने लग्न केलंच नव्हतं. तो अडुसष्टचा, ती चौसष्टची. दोघांचा चहा वेगळ्या वेळी होई, वर्तमानपत्रंही दोन येत. भांडण असं कधी शेजारी ऐकू गेलं नाही. एखादं वाक्य टाकायचं आणि दुसऱ्याला ते दिवसभर टोचू द्यायचं, एवढंच चालायचं.

तो गेल्यावर घर शांत होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. रोज सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे रात्री दहाला, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तब्येतीची चौकशी नसे. कॅमेरा फिरव, बाल्कनी दाखव, कुंड्यांना पाणी घातलंस का, माझ्या खोलीची खिडकी उघडी का आहे. ती फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून हिंडायची आणि तो तिकडून तपासणी करायचा. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की इथे असताना हा निदान दुपारी झोपायचा तरी.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तो कॉल भलत्याच वेळी, संध्याकाळी सातला आला. एक कोड येईल, पाचच मिनिटं चालतो, लगेच सांग, असं म्हणाला. जुना फोन टेबलावर थरथरला. मंदाकिनीने चष्मा लावला. मजकूर वाचायचा नव्हता, पण आकडे मजकुराच्या शेवटी होते, आणि त्याआधी तिचं स्वतःचं नाव होतं.

मांजरीजवळच्या एका ज्येष्ठ निवासाचा तो निरोप होता. आपल्या भगिनी श्रीमती मंदाकिनी अभ्यंकर यांच्या कायम निवासाचा अर्ज निश्चित करण्यासाठी कोड ५५१९.

“आला का?” दिगंबरने विचारलं.

“पाच, पाच, नऊ, एक,” ती म्हणाली.

तिकडे टकटक ऐकू आली. चालत नाही, असं तो म्हणाला. तिने पुन्हा वाचला आणि पुन्हा चुकीचा वाचला. तिसऱ्यांदाही तेच झालं. अर्ज चोवीस तासांसाठी बंद पडला.

“साधे चार आकडे वाचता येत नाहीत तुला?”

“नसतील येत,” ती म्हणाली आणि तिने कॉल बंद केला.

मग तिने जुना फोन उचलला आणि मागचे सगळे निरोप पहिल्यापासून वाचायला घेतले. आयुष्यात कधी तिने दुसऱ्याचं पत्र उघडलं नव्हतं. ज्येष्ठ निवासाचे चार निरोप होते, पहिला एप्रिलमधला, म्हणजे दिगंबर जाण्याच्या आधीचा. एका एजंटाचेही होते. साहेब, ताई तिकडे राहायला गेल्या की फ्लॅटचे फोटो काढून घेऊ. साहेब, ताईंची सही नंतर मिळेल म्हणालात, तर तेवढं पक्कं करा.

दुसऱ्या दिवशी ती हडपसरची बस धरून, पुढे रिक्षा करून मांजरीला गेली. एका बाजूला ऊस उभा होता, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि त्यांच्या मागे तो निवास. जागा वाईट नव्हती, आणि याचाच तिला जास्त राग आला. घाणेरडी असती तर सोपं गेलं असतं. अपेक्षा नावाच्या व्यवस्थापक बाई चटपटीत होत्या. त्यांना वाटलं, काकू खोली बघायला आल्यात. त्यांनी बारा नंबरची खोली दाखवली, पूर्वेची खिडकी दाखवली.

मंदाकिनीने विचारलं, “माझ्या भावाने माझ्याबद्दल काय लिहून दिलंय, ते बघू शकते का मी?”

अपेक्षाबाई जरा घुटमळल्या. पण समोरच्या बाईंच्या आवाजात वर्गाचा धाक होता. त्यांनी दिगंबरने जाण्याआधी भरून दिलेला अर्ज काढून दिला.

विस्मरण सुरू झाले आहे, असं त्यात लिहिलं होतं. गॅस चालू ठेवून बाहेर जातात. स्वभाव भांडखोर. आणि नातेवाइकांच्या भेटीच्या रकान्यात दिगंबरच्या सरळ, बँकेच्या नोकरीत घोटलेल्या अक्षरात: भेटीस येणे शक्य नाही, फोनवरून संपर्क ठेवू.

ते तिने दोनदा वाचलं. अपेक्षाबाईंना ती एवढंच म्हणाली की अर्ज खोटा आहे, मी येणार नाही, आणि हे मी लेखी देते. दिलंही. आभार मानले.

परतीच्या बसमध्ये मात्र गॅसने तिचा पिच्छा पुरवला. कारण ते साफ खोटं नव्हतं. गेल्या दिवाळीत एकदा दूध गॅसवर ठेवून ती खाली भाजी आणायला गेली होती. एकदाच. पण एकदा म्हणजे सुरुवात का? दोनदा झालं असेल आणि आठवत नसेल तर? तिने मनातल्या मनात वर्ग म्हणायला सुरुवात केली. एकतीसचा नऊशे एकसष्ट, बत्तीसचा हजार चोवीस. सदतीसला ती अडली. मगरपट्टा येऊन गेला तरी उत्तर येईना. मग तेराशे एकोणसत्तर आपसूक आलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भावाने कागदावर लिहिलेलं आता तिच्या आत शिरलं होतं.

शनिवारी साडेसातला कॉल आला तेव्हा आमोद आणि त्याची बायको तनयाही दिगंबरच्या शेजारी बसले होते. मंदाकिनीने कॅमेरा फिरवला नाही. ती म्हणाली, “काल मी मांजरीला जाऊन आले. बारा नंबरची खोली चांगली आहे.”

दिगंबरने एक क्षणही लाज दाखवली नाही. कळलं ते बरं झालं, असंच तो म्हणाला. त्याला आमोदकडे कायमचं राहायचं होतं, त्यासाठी फ्लॅट विकायचा होता, आणि ती एकटी तिथे बसून राहिली असती तर कोण विकत घेणार होतं?

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“मग?”

आमोदचा चेहरा उतरला होता. आत्यानेच निवासात जायचं ठरवलंय, असं बाबांनी सांगितलं होतं, असं तो पुटपुटला. तनयाने सासऱ्यांकडे पाहून स्वच्छ आवाजात विचारलं की विस्मरणाचं कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं. मंदाकिनीने दोघांचं बोलणं संपण्याची वाट पाहिली नाही. तिने कॉल तोडला, जुना फोन बंद केला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला.

आठवडाभरात तिकडे सगळं अडलं. बँक कोड मागत होती, पेन्शनचा कागद कोड मागत होता, आणि सगळे कोड नारायण पेठेतल्या एका बंद फोनकडे येत होते. दिगंबरचे कॉल ती उचलत नव्हती. शेवटी आमोदने फोन केला. अगदी अजिजीने म्हणाला, आत्या, एवढा फोन चालू कर, बाकी मी बघतो.

“बाबांना सांग, मला विस्मरण झालंय,” मंदाकिनी म्हणाली. “फोन कुठे ठेवला ते आठवत नाही.”

मागे कुठेतरी तनया खुदकन हसली. आमोद हसला नाही.

त्याच आठवड्यात ती कोणाला न सांगता टिळक रोडवरच्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तासभर प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि शेवटी काही झालेलं नाही असं लिहून दिलं. तो कागद तिने फाइलमध्ये लावला. तरीही त्यानंतर ती जिन्याच्या पहिल्या वळणावरून रोज परत वर जायची आणि गॅसच्या बटणाला हात लावून बघायची. पूर्वी कधी बघत नव्हती.

दिगंबर ठरल्याच्या दीड महिना आधी परत आला. तिकडे मुलाशी काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, पण कायमचं राहण्याचा विषय मिटलेला दिसला. दारातच, बॅग खाली ठेवायच्या आधी, त्याने फोन मागितला. ती म्हणाली, आधी मांजरीला पत्र लिही. तो प्रवासाच्या कपड्यांतच टेबलाशी बसला आणि लिहून मोकळा झाला: श्रीमती मंदाकिनी अभ्यंकर यांच्याविषयी दिलेली माहिती चुकीची होती. माफी हा शब्द त्याने लिहिला नाही, तिने सुचवला नाही. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि फोन दिला. तो संध्याकाळपर्यंत निरोप वाचत बसला होता.

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. पाणी कधी जाणार, सिलिंडर कधी संपला, सोसायटीची सभा केव्हा आहे, हे दिगंबर आमोदला टोरांटोला लिहितो आणि आमोद आत्याला कळवतो. एकदा चिडून आमोदने दोघांनाही लिहिलं की तुम्ही एका घरात बसला आहात, माझी झोप का मोडता.

परवा दुपारी दोनला दिगंबर दिवाणखान्यातून उठून आपल्या खोलीत गेला आणि पंखा तसाच फिरत राहिला. मंदाकिनी पेपर तपासावेत तसं शब्दकोडं तपासत तिथेच खुर्चीत बसली होती. बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं. तिने फोन घेतला आणि आमोदला लिहिलं, त्यांना सांग, पंखा बंद करा.

तिकडे पहाट व्हायची होती. उत्तर यायला तीन तास लागले.