आगोटीचा तांदूळ

हे मी शंभरदा सांगितलंय आणि शंभरदा माझं डोकं तापलंय, तेव्हा मध्ये कोणी बोलू नका.

सन चौतीसचा मे महिना. मी महिपत, परळच्या एका गिरणीत साचेवाला, महिनाभराच्या रजेवर गावी आलो होतो. आमची वाडी जयगडच्या खाडीत आत, होडीनं दोन तास. वर कातळ, खाली चिंचोळी भातखाचरं. पिकतं ते जेमतेम शिमग्यापर्यंत. पुढे दसऱ्याला नवं भात येईस्तोवर खायचा तो विकतचा, रंगूनचा तांदूळ. तो मुंबईहून पडावातनं, शिडाच्या मोठ्या गलबतातनं, यायचा. मे संपता संपता दर्या खवळला की पडाव बंद, आगबोट बंद, सगळं बंद, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणून चार महिन्यांची बेगमी मे अखेरीला एकदमच उतरवून घ्यायची. त्याला आम्ही आगोटीचा तांदूळ म्हणतो. तो आला तर पावसाळा निघायचा.

माझ्या राहीला सातवा महिना होता. आधीची दोन टिकली नव्हती. दोन्ही पावसाळ्यातच गेली, दोन्ही वेळा घरात पेजेचं पाणी तेवढं होतं. मी आलो त्याच दिवशी ती म्हणाली, "या खेपेला मला भाताचं जेवण मिळू दे, मंग हे माझ्या हातनं जायाचं नाय." बाई काही मागत नाही कधी. एवढंच मागितलं.

तर त्याच वर्षी बाहेरच्या तांदळाचा प्रश्न सोडवायला कायदेमंडळातल्या सात जणांची एक कमिटी, जागीच हुकूम काढायचा अधिकार घेऊन, रत्नागिरीला आली. रंगूनच्या तांदळानं कोकणातल्या भाताचा भाव पाडलाय, तेव्हा त्याला आळा घाला, असा ठराव. ठराव आणणारे आमच्याच भागातले सभासद, गोपाळकृष्णपंत. मोठे बागायतदार, वकील, माळ्यावर दोन दोन वर्षांचं भात पडून असलेले. लबाड नव्हते हो. मी त्यांना शिव्या घालीन, पण लबाड म्हणणार नाही. आपला भाव चढला की अख्ख्या कोकणाचं भलं होतं, अशी त्यांची मनापासून खात्री होती, आणि असली माणसंच जास्त महागात पडतात.

कमिटीपुढे शेतकरी हवेत म्हणून पंतांनी आसपासच्या वाड्यांतले बावीस मानकरी निवडले. त्यांत आमचा रावजीआबा पहिला. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे: तो एकेक मागणं मोठ्यानं म्हणणार, आणि अख्खा गाव एका आवाजात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" आईच्या कडेवर असल्यापासून आमच्या तोंडात ते बसलेलं. आणि एकदा म्हटलेलं 'व्हय म्हाराजा' फिरवायचं नाही. रावजीआबाच्या आज्यानं एकदा फिरवलं आणि त्या साली पटकीनं निम्मी वाडी गेली, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

सभेच्या आदल्या दिवशी बोटीत मी आबाला पढवून पढवून बेजार केलं. "आबा, ठराव काय होईल तो होऊ दे. तू फक्त एक वाक्य बोलायचं. यंदाचा आगोटीचा तांदूळ सोडा आणि मनाई नारळी पौर्णिमेनंतर लावा. बास! म्हण बघू."

"अरे, मी काय पोर हाय?" आबा चिडला. पण म्हणून दाखवलं. तीनदा म्हणून घेतलं मी. त्या वेळी आमचा पडाव, नेमका आमचाच, जयगडला येऊन नांगर टाकून होता. पडाव हाकणारा तांडेल होता बुरोंडीचा. जकातनाक्यावरचे कागद झाले की माल उतरवणार, असं ठरलेलं.

रत्नागिरीला उतरलो तर दक्षिणेचा वारा सुटलेला. मांडवीच्या किनाऱ्यावर कोळी मे संपायच्या आतच होड्या वर ओढत होते. एकाला विचारलं, एवढी घाई का, तर तो म्हणाला, "यंदा लवकर हाय." मला ते मुळीच आवडलं नाही.

सभेचा दिवाणखाना मोठा होता. मधोमध लांबलचक टेबल, सभोवार सभासद, शेंड्याला अध्यक्ष, पुण्याकडचे एक रावबहादूर. आम्ही बावीस जण भिंतीकडच्या बाकांवर. मी बावीसात नव्हतो, पण आबाचा आधार म्हणून मागे घुसलो. टेबलावर पंतांनी एक नारळ ठेवला होता. सभा सुरू व्हायच्या आधी तो त्यांनी हातात घेतला, आमच्याकडे वळून देवीचं नाव घेतलं आणि उंबऱ्यावर वाढवला. शुभ काम म्हणून. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण काय ते कळलं नाही.

दुपारपर्यंत वादावादी. एक सभासद म्हणाला, बाहेरचा तांदूळ थांबला नाही तर दहा वर्षांत खाचरं ओसाड पडतील. हरिश्चंद्र मयेकर म्हणून मुंबईच्या गिरणगावातले एक सभासद होते, मूळचे आपलेच. ते ताडकन् उठले. "ज्याच्या माळ्यावर भात आहे त्याला भाव हवा. ज्याची कणगी शिमग्याला खडखडीत होते त्यानं काय खायचं, तुमचा भाव?" मी मागून "वा!" म्हटलं तर शिपायानं डोळे वटारले.

मग अध्यक्ष म्हणाले, "शेतकऱ्यांना ठराव मराठीत वाचून दाखवा, कलमवार. त्यांचं म्हणणं ऐकू."

पंत उभे राहिले. हातात कागद, तोंड आमच्याकडे. आणि कसं काय कोण जाणे, त्यांचा आवाज बदलला. लांबट, चढता, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबणारा. "आज या जागी बारा वाड्यांचे मानकरी एका मनानं एकत्र जमले आहेत..."

मुद्दाम केलं की घरच्या देवळाच्या सवयीनं झालं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण बाकावर कोपऱ्यात बसलेल्या लवूच्या तोंडून हळूच निघालं, "व्हय म्हाराजा."

"त्यांच्या शेतातल्या भाताला योग्य भाव मिळावा..."

"व्हय म्हाराजा!" आता पाच-सहा जण.

"बाहेरचा तांदूळ फक्त रत्नागिरी बंदरात, जकात भरून उतरावा, खाडीतल्या नाक्यांवर उतरू नये..."

"व्हय म्हाराजा!" बावीसच्या बावीस. भिंती हादरल्या. आबाचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. अरे आबा, अरे ऐक काय म्हणतोयस! मी त्याचा सदरा मागून ओढला, तर त्यानं झटकून टाकला.

"आणि ही मनाई आजच्या आज लागू व्हावी."

"व्हय म्हाराजा!"

आता खरं सांगतो. त्या शेवटच्या आवाजात माझाही आवाज होता. आबाला ओढत होतो, मनात ओरडत होतो, आणि तोंड आपलं चाललेलं. बावीस माणसं एका सुरात म्हणत असली की तेविसाव्याचं तोंड त्याचं राहत नाही.

कारकुनानं लिहून घेतलं. चार कलमं, चार होकार. अध्यक्ष खूष दिसले. शेतकरी असे एकमुखी त्यांनी कुठे पाहिले नसावेत.

मी उठलो. "साहेब, चूक झाली! ती बोलायची रीत हाय आमची! आगोटीचा तांदूळ जयगडला उभा हाय, तो नाय उतरला तर माणसं मरतील! मनाई पावसाळ्यानंतर लावा!"

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं. "यादीत आपलं नाव नाही. आणि दुरुस्ती फक्त सभासद मांडू शकतो."

मयेकर लगेच उभे राहिले. देव त्यांचं भलं करो! "मी मांडतो. 'आजच्या आज' ऐवजी 'नारळी पौर्णिमेनंतर' असा शब्दप्रयोग करावा."

हात वर झाले. दुरुस्तीच्या बाजूनं तीन, विरुद्ध तीन. अध्यक्षांचं मत राहिलं. बाहेर वारा वाढला होता. नारळाच्या झावळ्या कुणीतरी फटकारल्यासारख्या वाजत होत्या.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढला आणि आबाकडे पाहिलं. "हे बघा, माझ्यापुढे तुमचा चार वेळचा होकार लिहिलेला आहे. हा मागचा माणूस म्हणतो की ती चूक. तुम्ही या लोकांचे पुढारी. तुम्ही सांगा, चूक झाली म्हणून. मी दुरुस्तीला मत देतो."

एवढंच. एवढंच बोलायचं होतं! आदल्या दिवशीचं ते वाक्यसुद्धा नको, नुसतं 'चूक झाली' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी आबाच्या कानाशी वाकलो. "आबा, बोल. राहीची शपथ हाय तुला, बोल!"

आबा उठून उभा राहिला. उंबऱ्याकडे त्यानं पाहिलं, तिथं नारळाचं पाणी अजून ओलं होतं. मला तेव्हा कळलं मघाशी काय खटकलं होतं ते. पंतांच्या दृष्टीनं तो शुभ कामाचा नारळ. आबाच्या दृष्टीनं देवी येऊन बसली होती त्या खोलीत, आणि तिच्या समोर बावीस मानकऱ्यांनी शब्द दिला होता.

"आमी म्हटलं, साहेब," आबा म्हणाला. "देवीचा नारळ वाढवून म्हटलं. आता त्याला माज्यानं 'नाय' म्हणवत नाय."

"म्हणजे तुमचा होकार आहे?"

आबाचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "व्हय."

अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि दुरुस्तीच्या विरुद्ध मत दिलं. ठराव पास झाला. पंतांनी येऊन आबाचे दोन्ही हात हातात घेतले. "रावजी, आज तू कोकणाचं काम केलंस." आबानं हात सोडवून घेतले. मयेकर कागद गोळा करत होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. काय पाहणार?

बोटीत मी आबाला वाटेल ते बोललो. नको नको ते बोललो. भेकड म्हटलं, म्हातारचळ लागलाय म्हटलं. आज्याच्या गोष्टीपायी जिवंत माणसं मारलीस म्हटलं. तो कठड्याला धरून बसून होता. शेवटी एवढंच म्हणाला, "दोन्हीकडनं माणसं मरायची होती रे महिपत. ती देवीच्या कोपानं मेलेली मला नको होती." माझंही 'व्हय' त्यात होतं, पुढं बोलणार तरी कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी जयगडला उतरलो. वाडीतल्या बायका धक्क्यावर जमलेल्या, टोपल्या, गोणपाटं घेऊन. राहीपण आली होती, डोक्यावर उन्हाचं फडकं टाकून, दगडावर टेकलेली. आम्हाला पाहून सगळ्या हसायला लागल्या. चिमा ओरडली, "आले मानकरी! आता उतरवा बाबा माल, सकाळधरनं बसलोत!"

मनाईची तार आमच्या आधी पोचलेली. नाक्यावरचा शिपाई कागद चिकटवत होता. तांडेल धक्क्यावर उभा राहून त्याच्याशी हुज्जत घालत होता, मग आम्हाला पाहून आमच्याकडे वळला. "मी काय करू सांगा? रत्नागिरीला नेऊन जकात भरायला मजजवळ काय हाय? हा वारा बघा. दोन दिवसांत पडाव बुरोंडीला नेऊन वर ओढला नाय तर पडाव पण जाईल आणि मी पण." वाईट वाटत होतं त्याला. एक पोतं तरी टाक, असं मी त्याच्या कानात म्हटलं. त्यानं शिपायाकडे पाहिलं, मान हलवली आणि होडीत चढला.

शीड वर चढलं तशा बायका उठून उभ्या राहिल्या. चिमा म्हणाली, "अगं, हा चालला कुठं?" तेव्हा आबा पुढं झाला आणि पागोटं काढून सगळ्यांसमोर म्हणाला, "मी व्हय म्हटलं. म्हणून चालला." दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. रडली कोणी नाही. पडाव खाडीच्या तोंडापाशी जाईपर्यंत सगळ्या बघत राहिल्या.

घरी राहीनं कणगीचं झाकण काढलं. आत हात घालून तळ चाचपला. मग माळ्यावरचे नाचणीची दोन गाडगी उतरवली. बोटांवर काहीतरी मोजलं. तिचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाची मला भीती वाटली.

"परवाची बोट शेवटची ना?" तिनं विचारलं.

"मी नाय जात. गिरणीतली जागा गेली तर गेली. तुला या अवस्थेत टाकून..."

"जा तुमी," ती म्हणाली. "तेवढंच एक तोंड कमी व्हईल."

मी भांडलो. तिला चार शब्द लागतीलसे बोललो, माझंच कपाळ बडवून घेतलं. पण तिनं मोजलेलं बरोबर होतं, आणि मला ते कळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काळं आभाळ असताना मी जयगडला शेवटची बोट धरली.

नारळी पौर्णिमा झाल्यावरच्या पहिल्या बोटीनं परत आलो. खांद्यावर तांदळाचं पोतं होतं. राही दारात बसली होती, हाडाचा सापळा झालेली. मी पोतं खाली ठेवलं आणि घरात डोकावून पाहिलं. पाळणा दोरीसकट माळ्यावर टाकलेला होता.

"झाली तेव्हा रडली होती," राही म्हणाली. "मंग मला दूध आलं नाय."