पोलादाचं तेज

कारखान्याच्या तपासणी खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मंत्राने पोलादाची भेग बुजवतो म्हणणाऱ्या लोखंडबाबांनी खाच पाडलेला, मंतरलेला पोलादाचा तुकडा वाफाळत्या भांड्यातून काढून यंत्रात ठेवला. लंबकाचा घण सुटला, धाडकन! तुकडा वाकला, पण तुटला नाही. त्याआधी न मंतरलेल्या तुकड्याचे काचेसारखे दोन भाग झाले होते. तो मात्र बाहेर गारठ्यात ठेवलेला होता, म्हणे "माझी नजर पडू नये म्हणून".

"पाण्याला उगाच वाफ येते का? तेज उतरलंय, तेज!" बाबा म्हणाले. "भेग म्हणजे पोलादाचं दुःख. मी दुःखच बुजवलं!"

वा रे वैद्य! पण टाळ्या पडल्या. क्रेनच्या आकड्याला भेग गेलेली. तपासणीच्या बाईंनी तो नापास केलेला, नव्याचा पत्ता नाही, त्यामुळे तोच मंतरून वापरायला मालकांना बाबा अगदी वेळेवर सापडले. त्या आकड्याखाली उभं राहून साखळ्या अडकवायचं काम बाईंच्या धाकट्या भावाचं. 

बाईंनी पुढे होऊन मंतरलेला एक तुकडा बर्फात बुडवला आणि साधा तुकडा गरम पाण्यात. थोडा वेळ थांबून दोन्हींवर घण सोडला. साधा नुसता वाकला. मंतरलेला तुटला.

"बाबा, तुमचं तेज गारठलं वाटतं!" बाई म्हणाल्या. "अहो, हे पोलाद उबेत चिवट असतं, मार पचवतं. थंडीत ठिसूळ होतं, मग भेग आरपार धावते. आपली क्रेन उघड्यावर चालते. तिथे कोण गरम पाणी ओतणार?"

"पटतंय हो," मालक म्हणाले, "पण आता माघार घेतली तर कामगारांचा धीर खचेल."

"ताई, चारचौघांत कशाला शोभा केलीस त्यांची?" भाऊ म्हणाला.

"तुझ्या पाया पडते, जाऊ नकोस त्या आकड्याखाली."

त्याने हात सोडवून घेतला.

थंडीची लाट आली आणि आकडा तुटला. भाऊ जागच्या जागी गेला.

बाबा सांत्वनाला आले. "बाईंनी संशय घेतला, तेज निघून गेलं." जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या कित्येकांनी तो तुकडा तुटताना पाहिला होता.

"अरे, तुमच्या डोळ्यांदेखत तुटला ना तो?" बाई ओरडल्या. "माझा भाऊ गेला रे! आता तरी विचारा ह्यांना, पाणी गरम कशाला लागतं?"

कोणी विचारलं नाही. मालकांनी बाबांना बसायला खुर्ची दिली.