जास्तीची मूठ

कानबाईच्या आदल्या दिवशी सुलक्षणा जळगावहून धुळ्याच्या बसमध्ये बसली तेव्हा तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. उद्या आपण रोट खायचे की नाही?

प्रश्न पोटाचा नव्हता. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते आणि तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त घरच्या माणसांसाठी असतात. सुलक्षणाच्या माहेरी प्रत्येकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायची रीत आहे. ते गहू वेगळे दळतात आणि ज्यांची नावं घेतली त्यांनीच त्या पिठाचे रोट संपवायचे असतात. सून आली की मूठ वाढते, माणूस गेलं की कमी होते. दिलेली लेक दर्शनाला येते, तिला साध्या कणकेची पुरणपोळी वाढतात. तिची मूठ तिच्या सासरी.

सुलक्षणाची मूठ एकोणीस वर्षं असोद्याला, सासरी पडत होती. गेल्या महिन्यात, आषाढात, जळगावच्या कोर्टात तिचा आणि गिरधरचा घटस्फोट झाला. आता ती मूठ कुठे पडणार हे तिला ठाऊक नव्हतं आणि हे जिला विचारायचं ती आई फाल्गुनात गेली होती.

बसमध्ये पारोळ्यापर्यंत उभं राहावं लागलं. बसायला मिळाल्यावर तिने वर्ष आठवून पाहिलं, पण कोणती गोष्ट आधी झाली आणि कोणती नंतर, याचा तिला नीट मेळ लागेना.

दिवाळीनंतर ती असोद्याहून निघून पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. बियाणांच्या कंपनीतली नोकरी जळगावातच होती, त्यामुळे ऑफिसात कोणाला काही वेगळं दिसलं नाही. नातेवाईक कारण विचारत. गिरधर पीत नव्हता, हात उचलत नव्हता. दोघं एका घरात राहून दोन-दोन दिवस बोलत नसत आणि ते दोघांच्याही लक्षात येत नसे. एवढं कारण पुरतं का, हे तिला आजही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

पौषात आई-आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. धाकट्या भावाने, प्रेमराजने, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि सगळे द्वारका-सोमनाथला गेले. आईचं, यशोदाबाईंचं, हृदय आधीच कमजोर, म्हणून त्यांना काडीमोडाचं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं नव्हतं म्हणून गिरधरही आला. त्याने सासूची पिशवी सांभाळली, समुद्रावर सगळ्यांचे फोटो काढले. धर्मशाळेच्या खोलीत तो आणि सुलक्षणा वर्षभरात बोलले नव्हते इतकं बोलले. सगळं मुलाच्या, भूपेंद्रच्या, कॉलेजबद्दल.

परतताना चहाला गाडी थांबली. आई तिच्या शेजारी बाकावर बसली होती. बशीत चहा ओतत म्हणाली, "पिंप्राळ्यात पाणी रोज येतं का गं?"

"एक दिवसाआड," सुलक्षणा म्हणाली.

गाडी नवापूरपर्यंत आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आईला पिंप्राळ्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या सीटवर आई डोळे मिटून बसली होती. घरी गेल्यावर विचारू, असं सुलक्षणाने ठरवलं. मग ते राहिलं, आणि फाल्गुनात यशोदाबाई गेल्या. गिरधरने खांदा दिला. स्मशानातून परतलेली माणसं म्हणाली, जावई असावा तर असा.

प्रेमराजचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. अडतिसाव्या वर्षी जमलेलं लग्न, ते पुढे ढकलायला कोणाची तयारी नव्हती. भटजींना विचारून आईचं वर्षश्राद्ध आधीच उरकून घेतलं. सुरतेहून आलेले जे चुलत भाऊ फाल्गुनात ओट्यावर डोळे पुसत होते, तेच वैशाखात बँडपुढे नाचले. सुलक्षणाही नाचली. मध्येच तिला वाटलं, आई कुठे दिसत नाही, आत स्वयंपाकघरात असेल. नंतर आषाढ, आणि कोर्ट.

धुळ्याला देवपुरातल्या माहेरी पोचली तेव्हा नवी भावजय दिपमाला दारातच होती.

"अक्का, बरं झालं लवकर आल्या. मला तर बाई काहीच माहीत नाही. आमच्याकडे रोट नसतात. मोठ्या माय सकाळपासून नुसत्या बोलताहेत."

"काय बोलतात?"

"हेच की मला काही माहीत नाही."

मोठी माय म्हणजे वच्छलाबाई, आबांच्या थोरल्या भावाची बायको. त्या सुरतेहून दोन दिवस आधीच आल्या होत्या आणि ओट्यावर मांडी घालून गहू निवडत होत्या. त्यांनी सुलक्षणाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उनी का? बस. वाळी गयी तू." मग जरा थांबून, "दर्शनले उनी ना?"

आलीस का, वाळलीस, हे ठीक होतं. शेवटचा प्रश्न सुलक्षणाला नीट कळला. दर्शनाला आली असशील तर पुरणपोळीची कणीक वेगळी भिजवायची, एवढं वच्छलाबाईंना ठरवायचं होतं.

"बघू," ती म्हणाली.

"यामा काय देखानं?" वच्छलाबाई म्हणाल्या. मग त्या पुन्हा गहू निवडू लागल्या. सत्तर वर्षांत त्यांनी विधवा होऊन परत आलेल्या लेकी पाहिल्या होत्या, त्यांच्या मुठी सासरीच राहत. टाकून दिलेल्याही पाहिल्या होत्या, त्यांच्याबद्दल कोणी विचारत नसे. दोघांनी ठरवून, कोर्टात सह्या करून वेगळं झाल्यावर काय करायचं, असा प्रसंग त्यांच्या पाहण्यात आला नव्हता.

"प्रेमराज काय म्हणतो?" सुलक्षणाने दिपमालाला आत विचारलं.

"ते म्हणतात, आबा सांगतील. आबा म्हणतात, देखू."

"हो. आमच्या घरात हेच चालतं."

दिपमाला हसली. मग एकदम म्हणाली, "मी विचारलं त्यांना. म्हटलं, अक्काची मूठ धरली तर देवी काय कोर्टात जाणार आहे का. तर दोन तास बोलले नाहीत माझ्याशी."

दुपारी देव्हाऱ्यासमोर पाट मांडला, त्यावर नवं सूप ठेवलं. मुठी टाकायचं काम इतकी वर्षं यशोदाबाईंचं. वच्छलाबाई विधवा, त्या सुपाला हात लावणार नव्हत्या. म्हणून दिपमालाने मूठ टाकायची आणि आबांनी नाव सांगायचं, असं ठरलं. हिलाल आबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी खुर्चीत ताठ बसत. सुलक्षणा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आत बसावं की नाही, हेही तिला ठरवता येईना.

आबांनी डोळे मिटले. पहिलं नाव त्यांच्या दिवंगत भावाच्या घरचं, वच्छलाबाईंचं. मग त्यांच्या दोन मुलांची, सुनांची, नातवंडांची. दिपमाला डोक्यावरचा पदर सावरत मूठ टाकत होती, वर चिमूटभर टाकून सव्वा करत होती.

"हिलाल," आबा म्हणाले. मूठ पडली.

"यशोदा."

"अरे थांब," वच्छलाबाई म्हणाल्या. तोपर्यंत दिपमालाची मूठ उघडली होती आणि गहू गव्हांत मिसळले होते.

आबांनी डोळे उघडले. दिपमाला हात तसाच धरून सगळ्यांकडे पाहत राहिली.

"मला वाटलं, गेलेल्यांचंही धरतात," ती म्हणाली.

"हाई काय कयं हिलालभाऊ तुम्ही?" वच्छलाबाई म्हणाल्या. "गयेल माणूसनी मूठ टाकी तुम्ही."

प्रेमराज सुपाकडे हात नेत म्हणाला, "त्यात काय, एक मूठ काढून घ्या परत."

"देवीना सूपमाईन काढशी? काढ. मन्हासमोर काढ."

प्रेमराजने हात मागे घेतला. कानबाईच्या सुपात पडलेलं धान्य बाहेर निघत नाही, हे त्यालाही माहीत होतं. आणि नाव घेतलेल्या माणसाचा वाटा दुसऱ्या कोणी खायचा नाही, हेही. आता जी खाणार तीच नाही.

"गायीला घालू," प्रेमराज म्हणाला.

"रोट गायले कधी घालतस का रे? शाळामा जायेल शे ना तू?"

बोलणं चढत गेलं. उद्या येणार असलेल्या सुरतेच्या चुलत भावाला फोन लावला, त्याने त्याच्या सासऱ्यांना विचारून सांगतो म्हणून सांगितलं. भटजींचा फोन बंद होता. सुलक्षणा चौकटीपाशीच होती. आईचं नाव तिने आबांच्या तोंडून कित्येक महिन्यांनी ऐकलं होतं, आणि त्याचं रडू यावं तर समोर एका मुठीवरून भांडण चाललं होतं, त्याचं हसू येत होतं. दोन्ही अर्धवटच राहिलं.

आबांनी घसा साफ केला.

"टाकी ते टाकी," ते म्हणाले. "सुलू खाई ती मूठ."

"दिलेली पोर शे ती," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मालूम शे वहिनी. मीच दियेल शे." आबांनी दिपमालाकडे पाहिलं. "पुढली मूठ टाक. प्रेमराज."

मूठ पडली. मग दिपमालाची पडली. यादी तिथे संपली. सुलक्षणाचं नाव कोणी घेतलं नाही.

गहू दळायला ती आणि दिपमाला गेल्या. गिरणीवाल्याने सकाळीच जातं धुऊन, रोटाच्या दळणासाठी राखून ठेवलं होतं, आणि पुढे सहा-सात घरांची सुपं रांगेत होती. तिथे भूपेंद्रचा फोन आला. तो पुण्याहून असोद्याला आला होता, त्याची मूठ तिथे होती.

"मम्मी, इथे एक झालंय," तो म्हणाला. "आजीने तुझी मूठ टाकली."

"कशी?"

"टाकली. पप्पांचं नाव घेतलं आणि पुढे तुझं घेतलं. काका म्हणाले, अगं ती गेली ना. तर आजी म्हणते, तोंडातून निघालं, आता काय करू. आता सगळे म्हणताहेत, ही मूठ कोण खाणार."

"पप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. बाहेर गेले. मम्मी, तू येणार आहेस का?"

गिरणीचा पट्टा सुरू झाला, त्या आवाजात तिला उत्तर पुढे ढकलता आलं. ज्याची मूठ दोन घरांत, त्याने दोन्हीकडे खायचं नसतं. एकीकडे खाल्लं की दुसरीकडचं नाव पुसलं जातं. इतके दिवस ती समजत होती की आपण कुठेच नाही. आता दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे चुकून.

"तिकडची मूठ तू खा," ती म्हणाली.

"चालतं का तसं?"

"मला माहीत नाही. तू माझा मुलगा आहेस, खा. कोणी विचारलं तर सांग, मम्मीने सांगितलं."

तो म्हणाला, "आजी रडेल."

"रडू दे. तिच्याजवळ बस."

फोन ठेवल्यावर दिपमाला म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथे जेवणार अक्का?"

"तसं दिसतंय."

"मग तोंड असं का केलंय?"

सुलक्षणाला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण ते आईच्या जागेवर. तिच्या स्वतःच्या नावाने मूठ पडली ती असोद्याला, आणि तीच तिने आत्ता मुलाला देऊन टाकली.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ आणि डोळे लावले, साडी नेसवली, आरती झाली. पंगत मांडताना वच्छलाबाईंनी सुलक्षणासाठी पाट मांडला, तो आबांच्या शेजारी, जिथे यशोदाबाई बसत. तो त्यांनी मुद्दाम तिथे मांडला की जागाच तेवढी उरली होती, हे विचारण्यासारखं नव्हतं. ताटात रोट, खीर, गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी.

सगळे देवीच्या पाया पडायला उठले तेवढ्यात ती आबांना हळूच म्हणाली, "आबा, काल आईचं नाव तुम्ही चुकून घेतलं का?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं एसटी चालवताना त्यांनी एकदाही स्टॉप चुकवला नव्हता, असं ते नेहमी सांगत.

"काय मालूम," ते म्हणाले. "पन्नास वरीस मन्हा नाववर तिनंच नाव येत ऱ्हायनं. येई गयं."

"मुद्दाम नाही ना घेतलं? माझ्यासाठी?"

"तुन्हासाठे घेतं तर तुन्हं नाव घेतू."

"माझं घेतलं असतं तर मोठ्या मायने ऐकलं नसतं."

आबांनी आपलं ताट जरा पुढे ओढलं. तिने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. म्हातारपणाची चूक आणि म्हातारपणाची हुशारी तिथे सारखीच दिसत होती. माणसं परत येऊन पंगतीत बसली. प्रेमराजने दिपमालाला खिरीची वाटी सरकवली. वच्छलाबाई तूप वाढत एकेका ताटावरून पुढे येत होत्या. सुलक्षणाच्या ताटापाशी त्या जरा रेंगाळल्या, मग इतरांना वाढलं तेवढंच तूप तिच्या रोटावर घातलं आणि पुढे गेल्या.

"खाय," आबा म्हणाले. "दिवा लावाना पहिले संपाडनं पडस."

रोट जाड होते, दोन हातांनी मोडावे लागत. तिने मोडला आणि खाऊ लागली. अर्धा संपला तेव्हाही आपण कोणाचं खातोय हे तिला सांगता आलं नसतं.